डाव्या काखेतला टाका

"हात वर कर बघू, बाळा. हा नाही, डावा."

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या त्या परक्या मुलीने आधी आईकडे पाहिलं, मग टाकेबाईंकडे, आणि हात वर केला. टाकेबाईंनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला, मान वाकडी केली आणि मुलीच्या काखेत अशी काही नजर घातली, की तिच्या आईने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"काय बघताय हो?"

"स्वेटर छान आहे. कोणी विणला?"

"विकतचा आहे."

"असं होय," टाकेबाई म्हणाल्या. 'सगळे असंच म्हणतात' हे त्यांनी म्हटलं नाही, चेहऱ्याने मात्र म्हटलं. काखेतले टाके एकजात सुलट होते. मुलगी निर्दोष सुटली.

शेजारी बसलेले त्यांचे यजमान रक्तदाब मोजायला आले होते, आणि तो इथेच वाढेल अशी त्यांना भीती होती. "एखाद दिवशी मार खाशील," ते पुटपुटले. "लोकांच्या पोरांच्या काखा कसल्या बघतेस? काय हरवलंय तुझं तिथे?"

"तुम्हाला नाही कळायचं."

हे मात्र खरं होतं. ते कोणालाच कळू नये, अशी तजवीज टाकेबाईंनी फार वर्षांपूर्वी करून ठेवली होती.

टाकेबाई विणकाम शिकवायच्या. स्वतःच्या घरात, बाहेरच्या खोलीत. शिकवण्याची रीत त्यांची त्यांची. बाकीच्या बाया नमुना सांगतात, या पाजायच्या. औषधासारखा, एका वेळी एक चमचा. एक ओळ विणून दाखवली, की पुढची ओळ. कागद-पेन्सिल आणायला सक्त मनाई. "हाताला आलं ते आपलं. कागदावरचं कोणीही उचलतं," असं म्हणायच्या आणि म्हणून स्वतःही कधी काही लिहीत नसत. गळ्यापाशी आलं, की शिष्येच्या हातातून सुया काढून घ्यायच्या आणि गळा आत जाऊन स्वतः विणून आणायच्या. शिष्येला स्वेटर मिळायचा, नमुना नाही. कोणी म्हणे, बाई चिक्कू. तसंही नव्हतं. उरलेली लोकर त्या कोणालाही देऊन टाकत, अडल्यानडल्या बाईच्या बाळाला रात्रंदिवस खपून टोपडं करून देत. हात आखडायचा तो एकाच खात्यावर.

त्याला कारण होतं. तरुणपणी एका जिवलग मैत्रिणीने त्यांचा शंकरपाळी चौकटींचा नमुना प्रदर्शनात स्वतःचा म्हणून मांडला आणि बक्षीस घेतलं. टाकेबाई भांडायला गेल्या, तर मैत्रीण म्हणाली, "चौकट काय तुझ्या बापाची?" त्यावर टाकेबाईंना उत्तर सुचलं नाही. घरी येऊन त्यांनी उत्तर विणलं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक स्वेटरात, डाव्या बाहीखाली, सुलट टाक्यांच्या गर्दीत एक टाका उलट असायचा. तो दिसायचा नाही, टोचायचा नाही, कामाचा तर मुळीच नव्हता. हिशेब साधा होता. स्वतःच्या डोक्याने विणणारी तिथे उलट टाका कशाला घालेल? तो घालणार फक्त चोर, कारण चोर विचार करत बसत नाही, जसंच्या तसं उचलतो. मनातल्या मनात त्या त्याला चोरटाका म्हणत. इतक्या वर्षांत पुष्कळ काखा पाहून झाल्या होत्या. चोर एकही सापडला नव्हता. त्यावरून जग प्रामाणिक आहे असं कोणी ठरवलं असतं. टाकेबाईंनी ठरवलं, की चोर हुशार आहेत.

दवाखान्यातून परतताना त्या लोकरवाल्याकडे थांबल्या. गल्ल्यामागे लोकर-कंपनीची नवी गुळगुळीत पुस्तिका टांगलेली होती. मुखपृष्ठावर एक गोबरं पोर हसत होतं, आणि त्याच्या अंगावर टाकेबाईंची लाट होती.

लाट हा त्यांचा सगळ्यांत लाडका नमुना. ओळ हळूहळू चढत जायची, माथ्यावर आली की टाके एकमेकांत मिटायचे आणि ओळ उतरायची. निळ्यातून पांढऱ्यात कधी गेलो ते विणणारीलासुद्धा कळू नये. हा नमुना त्यांनी वर्गात एक चमचासुद्धा पाजला नव्हता. जगात लाटेचा एकच स्वेटर होता, नातीसाठी केलेला.

"हे कुठून आलं रे?"

"कंपनीचं आहे, काकू. खपतंय जोरात. तुम्हाला देऊ?"

"दे," टाकेबाई म्हणाल्या. "आणि असा खाली का बघतोयस?"

"धागा मोजतोय, काकू."

घरी येताच न्हाणीघरात कडी लावून त्यांनी पुस्तिका वाचली. नमुना ओळ न् ओळ छापला होता. त्यांचं बोट ओळींवरून सरकत काखेपर्यंत आलं. 'डाव्या बाजूस: सुलट, मध्ये एक उलट, पुढे सुलट.' खरं तर राग यायला हवा होता. पण बाई तोंडावर पदर धरून हसल्या. इतक्या वर्षांचा संशय व्याजासकट वसूल झाला होता. हसू ओसरल्यावर त्यांनी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून चाळली. नाव कुठेच नव्हतं. कंपनीचं होतं, छापखान्याचं होतं, त्या गोबऱ्या पोराचा फोटो काढणाऱ्याचंही होतं. लाट मात्र अनौरस होती.

चपलांच्या दुकानावर जिना चढून गेलं, की वकीलबाईंची खोली. वकीलबाईंची आई टाकेबाईंची जुनी शिष्या, त्यामुळे टाकेबाई 'मावशी' होत्या.

"मला पैसा नको," टाकेबाईंनी बसायच्या आधीच सांगितलं. "माझं नाव पाहिजे. लाटेखाली."

वकीलबाईंनी पुस्तिका पाहिली. "मावशी, आधी वाईट बातमी. लाट कोणाचीच नसते. फुलं, चौकटी, लाटा, अशी नुसती कल्पना कायदा कोणाच्या नावावर करत नाही."

"म्हणजे चौकट बापाची नव्हतीच म्हणायची," टाकेबाई पुटपुटल्या.

"काय?"

"काही नाही. पुढे बोल."

"दुसरं, कपड्याच्या रूपाची नोंदणी करता येते. पण ती जगाला दाखवण्याआधी करायची. तुमची नात तो स्वेटर घालून शाळेत जाऊन आली, आता तो रस्ता बंद. तिसरं मात्र भक्कम. नमुना शब्दांत उतरवला, की ते लिखाण लिहिणाऱ्याचं. लिहिल्या क्षणापासून. कुठे नोंद केलेली असो-नसो. ते परवानगीशिवाय छापलं, की चोरी. तर दाखवा तुमचं लिखाण."

टाकेबाई पिशवीचे बंद आवळत बसल्या.

"कुठेतरी खरडलं असेल ना? पाठकोऱ्या कागदावर?"

"मी लिहीत नाही. लिहिलं तर कोणी उचलेल ना!"

वकीलबाईंनी हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तो काही फार जोराचा नव्हता. "अहो, कुलूप म्हणून तुम्ही दरवाजाच नाही बसवला! बरं, पण मग हे लिहिलं कोणी? नुसता स्वेटर बघून एवढं लिहिता येतं?"

"छे. बघून काय कळणार! लाट वरून दिसते एक आणि आत असते एक. उसवल्याशिवाय..."

बोलता बोलता टाकेबाई थांबल्या आणि पिशवी उचलून तडक उठल्या.

नातीचा स्वेटर कपाटात धुतल्या चादरीत गुंडाळलेला होता. टाकेबाईंनी तो खिडकीपाशी नेला आणि डोळे मिटून आधी बोटांनी पाहिला. त्यांचा हात घट्ट होता, त्यांच्या विणीत करंगळीचं नख शिरायचं नाही. इथे शिरलं. मग त्यांनी डोळे उघडले. उसवलेल्या लोकरीला मुरड राहते. पुन्हा विणली तरी टाका अंग चोरून बसतो. स्वेटर तोच होता, लोकर तीच होती, डाव्या काखेत चोरटाकाही जागच्या जागी होता. पण हे विणलेलं त्यांचं नव्हतं. कोणीतरी त्यांचा स्वेटर शेवटच्या धाग्यापर्यंत उसवून पुन्हा विणून ठेवला होता.

घरात माणसं मोजकी. मुलगा बोटीवर, वर्षातून एकदा येणारा. यजमानांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. नात अजून बुटाच्या नाड्या शिकत होती. राहिली सून.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बोलायला गोड, आणि टाकेबाईंच्या मते गोड बोलणं हा पहिला पुरावा. गेल्या हिवाळ्यात तिने आग्रह करकरून सासूचे डोळे तपासून घेतले आणि स्वतःच्या पगारातून नवा चष्मा आणला. 'हिला काय हवंय?' म्हणून टाकेबाईंनी तेव्हाही आठवडाभर वाट पाहिली होती. सुनेने काहीच मागितलं नाही. म्हणजे काहीतरी मोठंच असणार, असं त्यांनी तेव्हाच मनात लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी सून आली. चप्पल काढते न काढते तोच समोर स्वेटर.

"हा कोणी विणला?"

"तुम्हीच की, आई."

"मी असा ढिला हात चालवते?"

सुनेच्या हातातली पिशवी हळूच खाली टेकली. "मी उसवला होता," ती म्हणाली. "तुम्ही आणि बाबा वन्संकडे राहायला गेला होतात तेव्हा."

"का?"

"शिकायचं होतं."

"मला विचारायचं!"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी मफलर नीट कर. मफलर केला, तर म्हणालात टोपी. टोपी झाली, तर मोजे. आई, डोक्यापासून पायापर्यंत आले मी. लाट काही येईना."

आतल्या खोलीतून यजमानांचा खोकला ऐकू आला. तो हसण्याचाच असावा.

"म्हणून विकलीस कंपनीला?"

"विकली?" सुनेला खरोखरच कळलं नाही. टाकेबाईंनी पुस्तिका समोर आपटली. सुनेने ती पाहिली, पानं उलटली, आणि तिचा चेहरा उतरत गेला. "हे तर मी लिहिलेलं आहे. शब्द न् शब्द. उसवताना एकेक ओळ फोनवर लिहीत गेले, शेवटाकडून सुरुवातीकडे. मग सरळ करून लोकरवाल्याच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्या बायका आपापलं टाकतात तिथे. मी कौतुकानं टाकलं हो."

"कोणाच्या कौतुकानं?"

सुनेने फोन काढला, बरंच मागे गेली, आणि पुढे केला. नमुना सगळा तसाच होता. तळाशी एक ओळ जास्त होती. 'ही वीण आमच्या आईंची. माझी फक्त मेहनत.' पुस्तिकेत मेहनत उतरली होती, ओळ गळली होती.

टाकेबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. संशयी माणसाची पंचाईत अशी, की पुरावा उलट बाजूने आला, तर तो कुठे ठेवायचा हे त्याला कळत नाही. त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. स्वेटरची बाही वर करून काखेत बोट ठेवलं.

"आणि हा? एवढी शहाणी तू, सगळी ओळ सुलट असताना इथे उलट टाका कसा घातलास? कळलं नाही तुला?"

"कळलं ना," सून म्हणाली. "पहिल्या उसवण्यातच दिसला. मला वाटलं, तुमचा डोळा चुकला. परत आलात त्याच आठवड्यात नाही का तुम्हाला तपासायला नेलं? नंबर वाढलाच होता."

"मग सुधारायचा होतास."

"घेतला होता आधी सुलट. मग पुन्हा मागे आले." सून स्वेटरची घडी घालू लागली. "तुमच्या हातची चूक होती, आई. ती मी कशी काढू?"

टाकेबाई तोंड उघडून उभ्या राहिल्या. ती चूक नव्हती, हे ओठांवर आलं होतं. पण मग ते काय होतं, हेही सांगावं लागलं असतं. नातीच्या वाढदिवसाच्या स्वेटरात, घरातल्याच माणसांसाठी लावलेला सापळा. त्यांनी तोंड मिटलं.

"जेवायला घे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर वकीलबाईंनी पत्र धाडलं आणि कंपनीचा माणूस चपलांच्या दुकानावरचा जिना चढून आला. टाय लावलेला, कपाळावर घाम आलेला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला सासू-सून.

"मॅडम, हा नमुना पूर्वापार चालत आलेला आहे," तो म्हणाला. "आमच्या डिझायनरने स्वतंत्रपणे बसवला. दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकते."

"शब्दही तेच सुचले?" वकीलबाईंनी विचारलं.

"विणकामात शब्द असतात किती? सुलट आणि उलट!"

"बरोबर," वकीलबाई पुढे झुकल्या. "म्हणूनच विचारते. डाव्या काखेत तो एक उलट टाका आहे. तुमच्या डिझायनरने कशासाठी घातला?"

माणसाने पुस्तिका उलटसुलट केली. "तो... शोभेसाठी असेल."

"काखेत?" सून म्हणाली.

"मावशी, तुम्ही सांगा." वकीलबाई टाकेबाईंकडे वळल्या. "तो टाका तिथे का आहे? सगळं प्रकरण त्या टाक्यावर उभं आहे."

इतकी वर्षं टाकेबाईंनी हा प्रश्न विचारला जाईल म्हणूनच तो टाका घातला होता. उत्तर पाठ होतं. नक्कल करणाऱ्याच्या तोंडावर ते कसं फेकायचं, याची तालीम त्यांनी कितीदा भांडी विसळताना केली होती. फक्त त्या तालमीत शेजारच्या खुर्चीवर सून बसलेली नसायची. आणि तिच्या हातात चष्म्याचं घर नसायचं. सासू चष्मा कुठेतरी विसरते म्हणून बाहेर पडताना ते ती स्वतःच्या पिशवीत टाकून आणायची.

"चूक आहे ती," टाकेबाई म्हणाल्या. "माझी. डोळा चुकला तेव्हा."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून या बाईच्या तोंडून 'माझी चूक' हे शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. वकीलबाईंना तेवढंच हवं होतं.

"ऐकलंत? एका बाईचा डोळा चुकला. तिची सून ती चूक तशीच लिहिते. आणि तुमच्या डिझायनरचा डोळा नेमका त्याच जागी, स्वतंत्रपणे चुकतो?"

माणसाने रुमालाने कपाळ पुसलं. मग त्याची भाषा बदलली. कोर्टकचेरी कोणालाच नको, कंपनी महिलांचा आदर करते, लोकरीचे गठ्ठे भेट देता येतील.

"गठ्ठे नकोत. नाव," टाकेबाई म्हणाल्या.

नाव कोणाचं, यावर मात्र वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "लिखाण सूनबाईंचं, म्हणजे हक्क त्यांचा. त्या तो तुमच्या नावे लिहून देऊ शकतात."

"देते की," सून लगेच म्हणाली. "द्या कागद."

"का देतेस?" टाकेबाई वळल्या. जुनी सवय. "बदल्यात काय हवंय?"

"गळा शिकवा," सून म्हणाली. "गळा मला अजून नीट येत नाही. तुम्ही त्यात काहीतरी केलंय, ते उसवून पण कळलं नाही."

टाकेबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं, तो अभिमान होता. त्यांनी तो लगेच पुसला. "दोघींची नावं घाला," त्या वकीलबाईंना म्हणाल्या. "माझं आधी. वयानं मोठी मी."

थंडी सरता सरता नवी पुस्तिका आली. लोकरवाल्याने ती स्वतः घरी आणून दिली आणि चहाही न घेता पळाला. मुखपृष्ठावर तेच गोबरं पोर. आत लाटेखाली बारीक अक्षरांत दोन नावं, आधी सासूचं, मग सुनेचं. यजमानांनी ती शेजारच्या सगळ्या घरांत फिरवून आणली आणि रक्तदाबाची गोळी घ्यायची विसरले.

पुस्तिका परत हातात आल्यावर टाकेबाईंचं बोट आपोआप ओळींवरून उतरत काखेपाशी गेलं. 'डाव्या बाजूस: सर्व सुलट.' खाली टीप होती. मागील आवृत्तीतील चूक दुरुस्त केली आहे.

"बरं झालं ना," यजमान म्हणाले. "चूक गेली."

"हो," टाकेबाई म्हणाल्या आणि पुस्तिका मिटली.

आता गावभर लाटा विणल्या जाणार होत्या. बागेत, शाळेच्या दारात, दवाखान्याच्या बाकावर निळ्या-पांढऱ्या लाटाच लाटा. आणि कोणाचाही हात वर करून बघायचं काही कारण उरलं नव्हतं.

नातीला तो स्वेटर आता आखूड झाला होता. बेंबी दिसायची. सून म्हणाली, उसवून मोठा करू, लोकर चांगली आहे. टाकेबाईंनी दोन्ही हात पुढे धरले, सून उसवत गेली आणि धागा त्यांच्या मनगटांभोवती गुंडाळत गेली. गळा गेला, बाह्या गेल्या. काख कधी आली आणि गेली ते टाकेबाईंना नीट कळलंही नाही. सुटा धागा सगळीकडे सारखाच दिसतो, कुठला सुलट होता आणि कुठला उलट, हे त्यावर उरत नाही.

पुढच्या आठवड्यात सून बाहेरच्या खोलीत विणत बसली होती. टाकेबाई समोर बसून तिच्या हाताकडे बघत होत्या आणि दर ओळीला 'ढिला आहे, ढिला आहे' म्हणत होत्या. डाव्या काखेपाशी सुया थांबल्या.

"आई, इथे आता सुलटच घेऊ ना?"

टाकेबाई उठल्या. त्यांनी रस्त्याकडचं दार लोटून घेतलं. आतल्या खोलीत यजमान पेंगत होते, तेही दार लोटलं. मग परत येऊन बसल्या.

"उलट," त्या हळूच म्हणाल्या. "एकच."

सुनेने का म्हणून विचारलं नाही. तिने टाका घातला, आणि टाकेबाईंनी चष्मा काढून टाक्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

"हा घट्ट आलाय," त्या म्हणाल्या. "चल पुढे."